आजोबांचे पठार आणि नातीची समांतर विश्वे

पत्र :

‘स. न. वि. वि. मी भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेला भूकरमापक आहे. भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेल्या ज्यूल व्हर्नमुळे मला लहानपणी वाचनाचे वेड लागले. पुढे इंग्रजी जमू लागल्यावर हॅगार्ड, कॉनन डॉयल आणि वेल्स यांची पुस्तके जमवत गेलो. आज त्यांचे कपाट भरले आहे. माझी नात अकरावीत आहे. दिवाळीच्या सुट्टीत मी तिला कॉनन डॉयलचे ‘द लॉस्ट वर्ल्ड’ मोठ्या हौसेने वाचायला दिले. ते परत करताना ती म्हणाली, “आजोबा, ही माणसे न बोलावता दुसऱ्यांच्या मुलखात शिरली, तिथे कत्तल केली, हिरे घेऊन घरी आली, आणि तुम्हाला हे साहस वाटते?” मला ते फार लागले. ती स्वतः समांतर विश्वांच्या गोष्टी वाचते. मला त्यांत काही राम दिसत नाही. जे घडू शकते ते कुठल्या ना कुठल्या जगात घडतेच, असे एकदा म्हटले की माणसाच्या निर्णयाला किंमत ती काय उरली? हे मी तिला सुनावले आणि तेव्हापासून या विषयावर आमचे बोलणे बंद आहे. पुस्तके वाचनालयाला देऊन टाकू का? की मोठी झाल्यावर तिला कळेल म्हणून थांबू? ता. क. : धाकटा नातू आठ वर्षांचा आहे. त्याला या कादंबरीवरचा जुना मूकपट दाखवला तर चालेल का?’

— एक आजोबा, मिरज

उत्तर :

आजोबा, सप्रेम नमस्कार.

पुस्तके देऊन टाकण्याची घाई करू नका. ‘मोठी झाल्यावर कळेल’ हा विचारही मनातून काढून टाका, कारण तुमच्या नातीला जे दिसले ते त्या पुस्तकात खरोखरच आहे आणि वय वाढल्याने ते दिसेनासे होणार नाही. तुम्ही दोघे एकाच साहित्यप्रकाराच्या, म्हणजे परक्या जगात जाऊन पडण्याच्या कथांच्या, दोन टोकांना बसून भांडत आहात. ती तुमच्या पुस्तकांबद्दल जे बोलली ते बरोबर आहे, तुम्ही तिच्या पुस्तकांबद्दल जे म्हणता त्यातही तथ्य आहे, आणि गंमत अशी की या दोन्ही तक्रारी त्याच परंपरेतल्या लेखकांनी फार पूर्वी कथा लिहून नोंदवून ठेवल्या आहेत. तुम्हा दोघांना पुन्हा बोलते करायचे असेल तर माझ्या उपदेशापेक्षा त्या कथांचा उपयोग अधिक होईल, म्हणून हे उत्तर बरेचसे त्यांच्याविषयीच आहे.

नातीने बोट ठेवले आहे ते कादंबरीच्या चौदाव्या प्रकरणावर असावे. दक्षिण अमेरिकेतल्या ज्या दुर्गम पठारावर डायनोसॉर अजून जगत आहेत, त्यावर वानरमानवांची एक वस्ती आहे आणि तिथल्या आदिवासींची दुसरी, आणि दोघांत जुने वैर आहे. तेथे जाऊन पोहोचलेले चार ब्रिटिश बंदुका घेऊन आदिवासींच्या बाजूने उभे राहतात आणि तो प्रश्न कायमचा निकालात निघतो : वानरमानवांचे सगळे नर मारले जातात, माद्या आणि पिल्ले गुलामीत हाकलली जातात. त्या चौघांचे म्होरके प्राध्यापक चॅलेंजर या प्रसंगी छाती काढून मिरवतात आणि जगाचे भवितव्य ठरवणारी एक लढाई आपल्याला याचि डोळा पाहायला मिळाली, असे जाहीर करतात. कथा सांगणारा वार्ताहर मॅलोन मात्र त्याच ठिकाणी एक लहानसे वाक्य लिहून जातो. असल्या भीषण मार्गाचे समर्थन करायचे तर अंतिम ध्येयावर भलतीच दणकट श्रद्धा असावी लागते, अशा अर्थाचे ते वाक्य आहे. डायनोसॉरची वाट पाहत पाने उलटणाऱ्या वाचकाच्या नजरेतून ते सहज निसटते. तुमची प्रत काढून ते शोधा आणि नातीला दाखवा, मात्र ‘बघ, लेखकालाही वाईट वाटले होते’ असा बचाव म्हणून दाखवू नका. लेखकाला शंका आली होती आणि तरीही त्याने कथानक त्याच वाटेने नेले, ही गोष्ट बचावापेक्षा कितीतरी अधिक बोलण्यासारखी आहे.

कारण कॉनन डॉयल अजाण नव्हता. कादंबरी ‘स्ट्रँड’ मासिकात आली १९१२ साली. त्याच्या तीनच वर्षे आधी, १९०९ मध्ये, त्याने बेल्जियमचा राजा लिओपोल्ड याच्या काँगोमधल्या अत्याचारांवर एक घणाघाती पुस्तक लिहिले होते. कादंबरीतला लॉर्ड रॉक्स्टन हा पेरूमधल्या गुलामांच्या व्यापाऱ्यांशी स्वतःच्या हिमतीवर लढलेला शिकारी आहे, आणि त्याने टिपलेल्या प्रत्येक व्यापाऱ्यामागे एक खाच त्याच्या बंदुकीवर कोरलेली आहे. असे असूनही त्याच पुस्तकात झांबो नावाच्या काळ्या नोकराची ओळख घोड्याइतका कामसू आणि जवळपास तितकाच हुशार, अशा शब्दांत करून दिली जाते. एकाच माणसाच्या लेखणीतून या तिन्ही गोष्टी उतरल्या, याचे तुमच्या नातीला नवल वाटेल आणि ते वाटू द्यावे. हिऱ्यांच्या बाबतीतही ती चुकलेली नाही. शेवटच्या प्रकरणात रॉक्स्टन दोन लाख पौंडांचे हिरे चौघांत वाटतो, आणि पठारावर ज्यांचे घर आहे त्यांचा वाटा काढायचे कोणाच्या मनातही येत नाही.

हॅगार्डवर तिची नजर अजून गेलेली दिसत नाही, पण जाईल, तेव्हा तुम्ही तयार असलेले बरे. ‘किंग सॉलोमन्स माइन्स’ १८८५ साली आले. आफ्रिकेच्या पोटात प्राचीन रस्ते आणि खाणी आहेत आणि त्या बायबलमधल्या राजा सॉलोमनच्या काळच्या परक्या लोकांनी केल्या, ही त्यातली कल्पना हॅगार्डच्या डोक्यातून अचानक निघालेली नाही. १८७१ मध्ये कार्ल माउख हा जर्मन प्रवासी ग्रेट झिंबाब्वेच्या अवशेषांपर्यंत पोहोचला, चुन्याशिवाय रचलेल्या तिथल्या ग्रॅनाइटच्या प्रचंड भिंती पाहून थक्क झाला आणि हे बायबलमधल्याच शेबाच्या राणीशी संबंधित काम असले पाहिजे असे समजून बसला, कारण आसपास राहणाऱ्यांच्या पूर्वजांनी ते बांधले असेल ही शक्यता त्याला पटणारी नव्हती. डेव्हिड रँडल-मॅकायव्हर याने १९०५ मध्ये आणि गर्ट्रूड केटन-थॉम्पसन हिने १९२९ मध्ये उत्खननाच्या पुराव्याने ते बांधकाम आफ्रिकी लोकांचेच असल्याचे दाखवून दिले, तरी ऱ्होडेशियाच्या (आजच्या झिंबाब्वेच्या) गोऱ्या सरकारला ते मान्य करणे सोयीचे नव्हते. १९८० मध्ये स्वतंत्र झालेल्या देशाने त्या अवशेषांचेच नाव घेतले. हरवलेल्या जगाची कथा पुस्तकाबाहेर जाऊन काय नुकसान करू शकते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही. (याच कादंबरीच्या पहिल्या आवृत्तीत स्थानिकांना चकवण्यासाठी सूर्यग्रहण वापरले होते; खगोलाच्या हिशेबात ते बसत नाही हे लक्षात आल्यावर पुढे त्याचे चंद्रग्रहण झाले. तुमची प्रत कोणती ते पाहा, मोजणीच्या माणसाला यात रस वाटेल.)

आता तुमच्या व्यवसायाशी थेट जोडलेला मुद्दा. कॉनन डॉयलच्या कादंबरीत सुरुवातीलाच वृत्तपत्राचा संपादक मॅलोनला सांगतो की नकाशावरच्या मोठमोठ्या कोऱ्या जागा भराभर भरत चालल्या आहेत आणि अद्भुताला आता कुठे थारा उरलेला नाही. ही कादंबरी प्रसिद्ध होण्याच्या काही महिने आधी, डिसेंबर १९११ मध्ये, अमुंडसेन दक्षिण ध्रुवावर पोहोचलेला होता. म्हणजे हरवलेल्या जगाची सर्वांत गाजलेली कादंबरी लिहिली गेली तीच मुळी कोऱ्या जागा संपत आल्याच्या चुटपुटीतून. पण कोरी जागा कोणाच्या नकाशावरची? तुम्ही आयुष्यभर मोजणीला गेलात, तेव्हा कागदावर ज्या माळाला नुसता गट नंबर आहे त्यातल्या प्रत्येक दगडाला, ओघळीला आणि झाडाला गावाने नाव ठेवलेले असते, हे मी तुम्हाला सांगावे असे नाही. डॉयलच्या पठारामागे ज्याची वर्णने असावीत असे सर्वसाधारणपणे मानले जाते तो रोराइमा पर्वत अॅटलासमध्ये काढून पाहा. व्हेनेझुएला, ब्राझील आणि गयाना यांची हद्द जेथे मिळते तेथे तो उभा आहे. उंची सुमारे २,८१० मीटर, माथा सपाट आणि चारी बाजूंनी तुटलेले कडे. एव्हरार्ड इम थर्न डिसेंबर १८८४ मध्ये त्याच्या माथ्यावर पोहोचला, आणि युरोपला त्या माथ्याचा ‘शोध’ लागला तो तेव्हा. पायथ्याशी राहणाऱ्या पेमोन लोकांच्या लेखी मात्र तो पर्वत कधीच हरवलेला नव्हता. जगातली सारी फळे ज्याला लागत असत अशा एका महावृक्षाचा तो तोडल्यानंतर उरलेला बुंधा आहे, असे त्यांची कथा सांगते. माथ्यावर डायनोसॉर नाहीत. किडे खाणाऱ्या वनस्पती आहेत, आणि इतरत्र जवळजवळ न आढळणारा, जेमतेम दोन सेंटिमीटरचा एक काळा बेडूक आहे. त्याला उड्या मारता येत नाहीत, तो खडकांवरून सावकाश चालत जातो. चॅलेंजरच्या प्राण्यांपेक्षा मला हा बेडूक अधिक अद्भुत वाटतो, पण हे माझे मत झाले.

नातीच्या आरोपाला या परंपरेने स्वतःच दिलेले सर्वांत चांगले उत्तर तुमच्या कपाटात बहुधा आहेच. वेल्सच्या कथांचा एखादा जाडसर संग्रह असेल तर त्यात ‘द कंट्री ऑफ द ब्लाइंड’ ही कथा पाहा. ती १९०४ ची आहे, म्हणजे डॉयलच्या कादंबरीच्याही आठ वर्षे आधीची. इक्वेडोरमधल्या अँडीज पर्वतात, ज्वालामुखीच्या उत्पाताने बाहेरच्या जगापासून तुटलेल्या एका खोऱ्यात नुन्येझ नावाचा गिर्यारोहक कड्यावरून कोसळून पडतो. तिथले लोक पिढ्यान्‌पिढ्या आंधळे आहेत. वासरांत लंगडी गाय शहाणी, तेव्हा डोळस माणूस इथे राजाच होणार, असे तो मनाशी धरून चालतो. मग वेल्स ते खोरे इतक्या जवळून दाखवतो की त्या राजाची आपोआप फजिती होत जाते. घरांना खिडक्या नाहीत, कारण त्यांचा उपयोग काय? भिंतींचा गिलावा ठिगळ लावल्यासारखा रंगीबेरंगी आहे, कारण रंग कोणी पाहिलाच नाही. पायवाटांना काठ बांधलेले आहेत आणि त्यांवर हाताला व पायाला कळतील अशा खुणा आहेत. लोक दिवसाच्या उष्म्यात झोपतात आणि रात्रीच्या गारव्यात कामे करतात, त्यामुळे त्यांच्या राज्यात अंधारात चाचपडतो तो हाच. आकाश म्हणजे खोऱ्यावर घातलेले गुळगुळीत दगडी छत, ही त्यांची पक्की समजूत आहे, आणि तारे असतात हे त्यांना पटवण्याचा कोणताही मार्ग नुन्येझकडे नाही. शेवटी तिथला वैद्य त्याची नीट तपासणी करून निदान सांगतो की चेहऱ्यावरच्या या दोन फडफडणाऱ्या गोळ्यांनी याच्या मेंदूला त्रास होतो आहे, त्या काढल्या की माणूस सुधारेल.

जेता म्हणून आलेला पाहुणा तेथे रुग्ण ठरतो. नातीने विचारलेला प्रश्न वेल्सने डॉयलच्या आधीच उलटा करून विचारून ठेवला होता. शिवाय या कथेचे शेवट दोन आहेत. १९०४ च्या शेवटात नुन्येझ डोळे गमावण्याआधी डोंगर चढून निघून जातो आणि ताऱ्यांखाली समाधानाने पडून राहतो. तो वाचला की नाही, हे वाचकावर सोपवलेले आहे. १९३९ मध्ये वेल्सने शेवट बदलला. त्यात नुन्येझला कड्याला गेलेली भेग दिसते, तो सर्वांना सावध करतो, कोणी विश्वास ठेवत नाही, कडा कोसळतो आणि तो आपल्या प्रेयसीला घेऊन निसटतो. पुढे डोळस माणसांत राहूनही तिला दृष्टी नको असते. ते सुंदर असेल, पण दिसणे फार भयंकर असले पाहिजे, असे तिला वाटते. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात लेखकाच्या मनाने कोणते वळण घेतले ते या एका बदलात दिसते. मला स्वतःला पहिला शेवट आवडतो. दुसऱ्यात वेल्स डोळस माणसाला शेवटी बरोबर ठरवून टाकतो, आणि त्याने कथेची धार थोडी बोथट होते.

आता नातीच्या बाजूला वळू. नकाशा भरल्यावर अडचण अशी झाली की खोरे लपवायचे कुठे? काहींनी ते पृथ्वीच्या पोटात ढकलले, काहींनी बर्फाआड. जेम्स हिल्टनने १९३३ मध्ये ते तिबेटकडच्या दुर्गम पर्वतरांगांत नेऊन युद्धाला कंटाळलेल्यांचे आश्रयस्थान केले. पण खरी वाट सापडली ती जागेऐवजी काळाच्या बाजूला सरकल्यावर. जून १९३४ च्या ‘अस्टाउंडिंग स्टोरीज’मध्ये मरी लाइन्स्टरची ‘साइडवाइज इन टाइम’ ही कथा आली. तिच्यात काळाचेच भूकंप होतात आणि ज्यांचा इतिहास वेगळ्या वाटेने गेला अशा पृथ्वींचे तुकडे आपल्या पृथ्वीवर येऊन बसतात. मिसुरी राज्यात रोमन सैनिक संचलन करताना दिसतात, अमेरिकेच्या किनाऱ्यावर व्हायकिंग उतरतात, कुठे चिनी वसाहत निघते, तर कुठे रशियाचे सॅन फ्रान्सिस्को. कॉनन डॉयलचे पठार एकच होते. लाइन्स्टरने पृथ्वीभर पठारे पसरली आणि प्रत्येकावर एक एक ‘न घडलेला’ इतिहास ठेवला. म्हणून म्हणतो की तुमचे वाचन आणि नातीचे वाचन यांत एका पिढीचे नाते आहे. आणि या कथेतही जेता आहेच. मिनॉट नावाचा गणिताचा एक उपेक्षित प्राध्यापक हे भूकंप आधीच ताडतो आणि काही विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन निघतो, तो अशा एखाद्या मागासलेल्या काळाच्या शोधात, जिथे आपल्या ज्ञानाच्या बळावर त्याला राज्य करता येईल.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण समांतर विश्वांचे समर्थन करताना अनेक तरुण वाचक तो पुढे करतात. या कथा पुंजभौतिकीतून (क्वांटम फिजिक्समधून) निघाल्या, असे समजले जाते. ह्यू एव्हरेट याने प्रिन्स्टनमध्ये मांडलेला, पुढे ‘अनेक विश्वांचा’ म्हणून ओळखला गेलेला पुंजभौतिकीचा अर्थ १९५७ चा आहे आणि ब्राइस डीविट याने तो लोकांपर्यंत पोहोचवला १९७० च्या सुमारास. लाइन्स्टरची कथा एव्हरेटच्या २३ वर्षे आधीची आहे. कथाकारांना भौतिकशास्त्राने नंतर एक भारदस्त शब्दसंग्रह पुरवला, एवढेच. तेव्हा नातीने पुंज वगैरे शब्द वापरले तर दबून जाऊ नका, आणि तुम्हीही ते विज्ञान कळत नाही म्हणून कथा बाजूला सारू नका.

तुमची तक्रार मात्र खरी आहे. सगळेच कुठे ना कुठे घडत असेल तर निर्णयाला अर्थ काय? लॅरी निव्हेन याने १९६८ मध्ये नेमक्या याच प्रश्नावर ‘ऑल द मिरियड वेज’ ही छोटी कथा लिहिली. समांतर काळांत ये-जा सुरू झालेल्या एका शहरात अकारण गुन्ह्यांची आणि आत्महत्यांची लाट येते आणि तिचा छडा लावणारा पोलीस अधिकारी हळूहळू तुमच्याच निष्कर्षाशी येऊन पोहोचतो. कथा काळोखी आहे, नातीने ती एकटीने वाचण्यापेक्षा तुमच्याबरोबर वाचलेली बरी. पण ती वाचली की तुमची तक्रार बाहेरच्या माणसाची राहत नाही. माझ्या मते या तक्रारीत सापडतात ते आळशी लेखक. ज्यांना विश्वे केवळ पत्त्यांसारखी पिसायची असतात, मेलेले पात्र दुसऱ्या जगातून पुन्हा आणायचे असते, त्यांच्या हातात निर्णयाला खरोखरच वजन राहत नाही. चांगला लेखक अनंत जगांच्या नादी लागत नाही, तो दोन जगे घेतो आणि ती जेथे फुटली त्या एका क्षणापाशी खिळून बसतो.

नातीला वाचायला सांगण्यासारख्या आणखी दोन गोष्टी आहेत, आणि त्या तुम्ही सुचवल्यात तर तिला आश्चर्य वाटेल. एच. बीम पायपर याने १९४८ पासून लिहिलेल्या कथामालेत एक प्रगत समाज स्वतःच्या काळातली साधनसंपत्ती संपवून बसलेला आहे आणि आता इतर समांतर काळांतून ती गुपचूप उपसतो आहे. तिथल्या रहिवाशांना याचा पत्ता लागू नये म्हणून त्या समाजाने पोलीस दलही उभारले आहे, आणि कथेचा नायक त्या दलातला आहे. तिने तुमच्या डॉयलवर केलेला आरोप तिच्या आवडत्या प्रकाराला जसाच्या तसा लागू पडतो, नव्हे जास्तच, कारण चॅलेंजरने निदान उघडपणे केले होते. दुसरी गोष्ट फिलिप के. डिकची ‘द मॅन इन द हाय कॅसल’, १९६२ ची. जर्मनी आणि जपान यांनी दुसरे महायुद्ध जिंकलेले जग, आणि जपानी अमलाखालच्या सॅन फ्रान्सिस्कोमधले एक दुकान. दुकानदार अमेरिकन आहे, गिऱ्हाईक जपानी साहेब आहेत, आणि विकायला ठेवले आहे ते जित अमेरिकनांच्या ‘संस्कृतीचे’ सामान : यादवी युद्धातली पिस्तुले, मिकी माउसचे मनगटी घड्याळ. साहेब ते कुतूहलाने हाताळतात, दुकानदार अदबीने वाकतो, आणि त्यातली काही पिस्तुले बनावट आहेत. आजवर ज्या नजरेने आफ्रिकेतले मुखवटे आणि भाले पाहिले गेले त्या नजरेसमोर डिकने अमेरिकेला उभे केले. अकरावीसाठी हे पुस्तक थोडे जड आहे, बारावीनंतर चालेल.

पण तुमच्या घरात या दोन्ही परंपरा जेथे एकत्र येतात ती कथा मराठीच आहे. जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ तुम्ही वाचली असेलच, आणि नात केंद्रीय अभ्यासक्रमाच्या शाळेत असेल तर तिला ती एनसीईआरटीच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकात ‘द अॅडव्हेंचर’ या नावाने भेटेल. १४ जानेवारी १७६१ रोजी विश्वासरावांना लागलेली गोळी कानाजवळून निघून गेली असती तर? तेवढ्या एका फरकाने दुभंगलेल्या जगात इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत जाऊन पडतात, आणि तिथल्या मुंबईवर अजून ईस्ट इंडिया कंपनीचा अंमल आहे. आता त्यांची वागणूक चॅलेंजरच्या शेजारी ठेवून पाहा. परक्या जगात गेल्यावर हा गृहस्थ शस्त्र शोधत नाही, हिरे शोधत नाही. टाउन हॉलमधल्या ग्रंथालयात जाऊन इतिहासाचे खंड मागवतो आणि आपला व त्यांचा रस्ता कोठे फुटला ते पानापानांतून हुडकतो. त्या जगातून तो परत आणतो ते बखरीचे एक फाटके पान. पण नारळीकर त्यालाही सोडत नाहीत. आझाद मैदानावरच्या सभेत अध्यक्षाची खुर्ची रिकामी दिसताच पंतांना राहवत नाही आणि ते जाऊन तिच्यावर बसतात. त्या जगाने अध्यक्षीय भाषणांची प्रथा केव्हाच मोडीत काढलेली असते, त्यामुळे श्रोते त्यांचा टोमॅटोंनी समाचार घेतात. न बोलावता दुसऱ्याच्या मुलखात शिरून मानाच्या जागेवर बसणे, हा तुमच्या नातीचा मूळ आरोप; तो येथे सभेची आवड असलेल्या एका मराठी प्राध्यापकाला लागू झाला आहे, आणि तोही हसत हसत.

तेव्हा असे करा. नातीला बोलावून समजूत काढायला जाऊ नका, तिला काही समजून घ्यायचे राहिलेले नाही. वेल्सच्या कथेचे दोन्ही शेवट मिळवा. १९०४ चा सर्वत्र मिळतो, १९३९ चा थोडा शोधावा लागेल आणि ते काम तुमच्यापेक्षा ती लवकर करील. एक शेवट तुम्ही वाचा, दुसरा तिला वाचू द्या, आणि दोघांनी आपापल्या शेवटाची बाजू घेऊन भांडा. त्यानंतर तिने निवडलेले एक पुस्तक तुम्ही पूर्ण वाचा, मध्येच न सोडता. ते आवडले नाही तर तसे सांगण्याचा हक्क तुम्हालाही आहे, तो तिने आधी वापरलाच आहे. तिला हवी असल्यास डॉयलची प्रत तिच्याकडे ठेवू द्या आणि समासात पेन्सिलीने लिहायला सांगा. तुमच्या पिढीला पुस्तकावर रेघ ओढलेली खपत नाही, हे मला ठाऊक आहे, पण या एका प्रतीपुरते डोळ्यांआड करा.

मूकपटाविषयी. १९२५ चा तो चित्रपट आठ वर्षांच्या मुलाला दाखवायला हरकत नाही. त्यातले डायनोसॉर विलिस ओब्रायन याने केले आहेत : आत धातूचा सांगाडा, वर रबराची कातडी, आणि प्रत्येक चित्रचौकटीला प्रतिकृती किंचित हलवून घेतलेले छायाचित्र. १९२२ मध्ये कॉनन डॉयलने यातली काही दृश्ये न्यूयॉर्कमध्ये जादूगारांच्या मेळाव्यात, हुडिनीच्या उपस्थितीत, काहीही खुलासा न करता दाखवली होती आणि पाहणाऱ्यांना ती खरी की खोटी हे ठरवता आले नव्हते. कादंबरीत लंडनमध्ये पंख पसरून निसटतो तो टेरोडॅक्टिल. चित्रपटात त्याच्या जागी अख्खा ब्रोंटोसॉरस शहरात धुमाकूळ घालतो आणि त्याच्या वजनाने थेम्सवरचा पूल कोसळतो, तेव्हा नातवाची चंगळ आहे. मात्र झांबोचे काम चेहऱ्याला काळा रंग फासलेल्या गोऱ्या नटाने केले आहे. पाट्या इंग्रजीत असल्याने त्या वाचून दाखवायला शेजारी कोणीतरी बसावे लागेलच. ते काम नातीकडे द्या, आणि तो नट पडद्यावर आल्यावर तिला चित्रपट थांबवावासा वाटला तर थांबवू द्या.